ओरखडेच आहेत ना, मग हेल्मेट बदलायचं कशाला?

पत्र

माझा धाकटा मुलगा इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावरच्या एका कंपनीत नोकरीला आहे. आम्ही राजेंद्रनगरला राहतो, तो रोज मोटारसायकलनेच जातो. मागच्या आठवड्यात सकाळी फूटी कोठी चौराह्याच्या अलीकडे एका ई-रिक्षाने अचानक वळण घेतलं. याने ब्रेक दाबला, रस्त्यावर गिट्टी सांडलेली होती, गाडी घसरली. वेग फार नव्हता. कोपर-गुडघा सोलवटला आणि डोकं उजव्या बाजूने रस्त्यावर आपटलं. हेल्मेट होतं म्हणून निभावलं. तो म्हणतो की आपटल्यावर हेल्मेट तिरकं होऊन डोळ्यावर आलं होतं. त्या रात्री थोडं डोकं दुखत होतं, पण जेवून क्रिकेटची मॅच बघत बसला, म्हणून आम्हीही फार मनावर घेतलं नाही.

आता वाद हेल्मेटचा आहे. माझ्या भावाने पुण्याहून आणून दिलेलं, चार हजारांचं, जेमतेम दीड वर्ष वापरलेलं. उजव्या कानशिलाच्या वर हाताएवढा ओरखडा आहे आणि काच थोडी घासली आहे. बाकी तडा नाही, पोचा नाही. मुलगा म्हणतो, पॉलिश मारून घेतो, कळणारही नाही. आमचे हे म्हणतात, "त्याला नवं घे, जुनं मी वापरतो. मला रात्री सराफ्यात खायला आणि सकाळी पोह्यांना जायचं असतं, मी काही तीसच्या वर जात नाही." सासूबाईंचं म्हणणं, दूधवाल्याच्या मुलाला देऊन टाक, तो बिचारा बोडक्या डोक्याने फिरतो. माझं मन मात्र धजत नाही. खरंच बदलावं लागतं, की हा कंपन्यांचा विकण्याचा धंदा आहे? आणि तसं असेल तर आणखी एक शंका: मागच्या महिन्यात छप्पन दुकान या खाऊगल्लीत हेच हेल्मेट सीटवरून घरंगळून खाली पडलं होतं. म्हणजे ते तेव्हाच बाद झालं होतं का?

– एक वाचक, इंदूर

उत्तर

ताई, हेल्मेट बदला. ते यजमानांनीही वापरू नये आणि दूधवाल्याच्या मुलालाही देऊ नये. तुमचं मन धजत नाही, ते बरोबरच आहे. पण घरात तीन जणांची तीन मतं असताना नुसतं "बदला" म्हणून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

त्याआधी चिरंजीवांच्या डोक्याचं बघू. हेल्मेटचा वाद आठवडाभर रंगला आणि डोकेदुखी एका ओळीत आटोपली, हे काही मला पटलं नाही. रात्री जेवला, मॅच बघितली, ही चांगलीच लक्षणं आहेत. तरी मार लागल्यावर मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साठण्याचा प्रकार काही वेळा दिवसांनी, क्वचित आठवड्यांनीही लक्षात येतो. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, अवेळी गुंगी येऊ लागली, बोलताना शब्द अडखळले, चालताना तोल गेला, एका हातातली ताकद कमी वाटली, यातलं काहीही दिसलं तर "उद्या बघू" करू नका. एम. वाय. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत किंवा जवळ जिथे सीटी स्कॅनची सोय असेल तिथे थेट न्या. यातलं काही नसेल तरी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या आणि डोकं आपटलं होतं हे त्यांना आपणहून सांगा. मुलं फक्त गुडघा दाखवून परत येतात.

आता हेल्मेट. बाहेरचं रंगीत, चकचकीत कवच म्हणजेच हेल्मेट, असा आपला समज असतो. चार हजारही आपण त्याच्या रंगरूपाकडे बघूनच देतो. पण डोकं वाचवायचं मुख्य काम आतला पांढरा किंवा काळा थर करतो. मऊ कापडी गाद्यांच्या मागे असतो तो. तो थर म्हणजे थर्माकोलच. टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा, फक्त जास्त घट्ट दाबून बनवलेला. बारीक दाणे एकमेकांना चिकटलेले आणि प्रत्येक दाण्यात हवा कोंडलेली. त्या थरात नव्वद टक्क्यांहून जास्त हवाच असते.

घरात माळ्यावर टीव्हीचं नाहीतर मिक्सरचं जुनं खोकं असेल. त्यातला थर्माकोलचा तुकडा घ्या आणि अंगठ्याने जोर लावून दाबा. खळगा पडेल. अंगठा काढा आणि बघत बसा, खळगा तसाच राहील. स्पंज दाबला तर फुगून वर येतो, हा येत नाही. दाण्यांच्या भिंती चेपतात, मोडतात आणि त्या मोडण्यातच धक्क्याचा जोर खर्च होतो. हे काम एकदाच होतं. हा तुकडा एकदा घरातल्या तिघांनाही दाबायला द्या.

मग उसळून परत येणारा, पुन्हापुन्हा वापरता येईल असा थर का नाही घालत, असं मुलगा विचारेल. जुन्या काळी तसंच काहीसं होतं. कातडी टोप्या, आत लोकरीची नाहीतर पट्ट्यांची गादी. पण उसळणारी गादी धक्का पोटात घेत नाही, डोक्याला उलट दिशेने परत करते. चेपून चेपलेलाच राहील असा थर आत घालायचा, ही कल्पना अमेरिकेतल्या रॉथ आणि लोम्बार्ड या दोघांची. त्यांना १९५३ मध्ये पेटंट मिळालं. आजची जवळजवळ सगळी हेल्मेटं त्याच तत्त्वावर चालतात. मोडणं हेच त्या थराचं काम आहे. तुमच्या मुलाच्या हेल्मेटने ते काम त्या सकाळी करून टाकलं. चार हजार वाया गेले असं मानू नका, ते त्या सकाळी वसूल झाले.

आता तुम्हाला तडा दिसत नाही, पोचा दिसत नाही, याचं कारण. बाहेरचं कवच बहुतेक वेळा प्लास्टिकचं असतं. ते आपटल्यावर क्षणभर आत दबतं आणि परत आपल्या आकारात येतं. त्याच्या खालचा थर्माकोल मात्र दबतो तो दबलेलाच राहतो. म्हणजे बाहेरून गोल गरगरीत आणि आत पोकळी. भरीला भर, थर्माकोल बऱ्याचदा बाहेरच्या अंगाने, कवचाला टेकलेल्या बाजूने चेपतो. ती बाजू आपल्याला दिसतच नाही. गाद्या काढून आत डोकावलं तरी फक्त डोक्याकडचा पृष्ठभाग दिसतो.

तरीही एकदा तपासून बघा, हरकत नाही. गाद्या निघत असतील तर काढा, दिवसाउजेडी खिडकीशी बसा आणि ओरखड्याच्या बरोबर आतल्या बाजूला बोटं फिरवा. डाव्या बाजूच्या त्याच जागेशी तुलना करत चला. केसासारखी चीर, चपटी चकाकणारी जागा, दाणे सुटलेले, एखादी जागा जरा जास्त मऊ, असं काही सापडलं तर वादच मिटला. मग हेल्मेट दोन्ही तळव्यांत धरून कानांच्या जागी हलकेच दाबा. करकर आवाज आला तर आत काहीतरी सुटलंय. कवच फायबरग्लासचं असेल तर रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात का बघा. पट्ट्याचे रिव्हेट हलतात का, बक्कल नीट बसतं का, तेही बघा.

पण या तपासणीचा नियम एकतर्फी आहे. काही सापडलं तर हेल्मेट नक्की बाद. काही सापडलं नाही, तर ते चांगलं आहे असं मात्र सिद्ध होत नाही. तुम्ही विचारलंत, हा कंपन्यांचा धंदा आहे का? धंदा तर आहेच, हेल्मेट विकणाऱ्याला दुसरं हेल्मेट विकायचंच असतं. खरं सांगायचं तर तुमचं हे हेल्मेट अजून एखादा धक्का झेलेलही. शक्यता आहे. पण ते झेलेल की नाही हे घरच्या घरी कळायचा एकच उपाय, तो म्हणजे पुन्हा एकदा डोक्यात घालून पडणं. म्हणून दिसण्यावर जायचंच नाही. प्रश्न एवढाच विचारायचा: आपटलं तेव्हा आत डोकं होतं का? होतं, तर ते हेल्मेट संपलं.

आता यजमानांचा मुद्दा. "मी तीसच्या वर जात नाही." हा मुद्दा इंदूरच्या प्रत्येक घरात आहे आणि तो ऐकायला इतका सयुक्तिक वाटतो की त्याचा हिशोबच करायला हवा.

गाडी घसरली की डोकं रस्त्यावर पडतं ते वरून खाली. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं रस्त्यापासून साधारण दीड मीटरवर असतं. दीड मीटरवरून कोणतीही वस्तू सोडा, जमिनीशी पोचताना तिचा वेग ताशी १९-२० किलोमीटर झालेला असतो. हा वेग गुरुत्वाकर्षणाचा, गाडीचा त्यात काही संबंध नाही. गाडी चाळीसने जात असो, दहाने, की सिग्नलला उभी असताना पाय सरकून आडवी झालेली असो, डोकं रस्त्यावर आपटतं ते साधारण याच वेगाने. जोराने जाणारी गाडी फरफटत लांब नेते, खांबावर नाहीतर दुसऱ्या गाडीवर आदळवते, तिथे वेगाचा हिशोब वेगळा आणि भयंकर. पण रस्त्यावरच्या पहिल्या आपटण्याला सराफ्याला जाणारा माणूस आणि सुपर कॉरिडॉरला जाणारा माणूस सारखेच.

ताशी वीसचा हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं, त्यावर डोक्याचं सगळं ठरतं. हेल्मेट नसेल तर डोक्याची कातडी दबते तेवढंच, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर. ढोबळ हिशोब केला तर डोक्याच्या वजनाच्या पाचशे पटीहून जास्त जोर येतो. मध्ये थर्माकोल दोन सेंटिमीटर चेपला तर तोच जोर सरासरी पंचाहत्तर पटीवर येतो. आता समजा त्या सकाळी त्यातला एक सेंटिमीटर आधीच चेपून गेला आहे. मग त्याच जागी दुसऱ्यांदा आपटल्यावर अंतर निम्मं उरतं आणि जोर दुप्पट होतो, दीडशे पट. शिवाय जो थर उरलाय तो आधीच दबून कडक झालेला, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही वाईट. यजमान म्हणतील, डावी बाजू तर चांगली आहे. खरं आहे, पण कुठल्या बाजूवर पडायचं हे त्यांनी कसं ठरवलं ते मला कळवा.

जाता जाता एक तुम्हालाही विचारतो. सराफ्यात हे रात्री एकटे जात नसणार. मागे तुम्ही बसता तेव्हा तुमच्या डोक्यावर काय असतं? केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीवरचे लोक अपघातात गेले. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ (पगडी घालणारे शीख सोडले तर) चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागू आहे, पुढे बसलेल्याला आणि मागे बसलेल्यालाही. म्हणजे घरात एक नाही, तीन हेल्मेटं लागणार आहेत. हे ऐकून यजमान माझ्यावर चिडतील. चिडू द्या.

छप्पन दुकानला घरंगळलेल्या हेल्मेटचं मात्र मनावर घेऊ नका. त्या वेळी ते रिकामं होतं. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. हेल्मेट चालत्या गाडीवरून पडलं आणि आत डोकं असलं, की थर्माकोल एका बाजूने रस्ता आणि दुसऱ्या बाजूने हे पाच किलो यांच्यात चिरडतो. रिकामं हेल्मेट सव्वा-दीड किलोचं, सीटच्या उंचीवरून पडलं तर बहुतेक मार कवचच खातं, आतून दाबणारं काहीच नसतं. रंग उडाला म्हणून ते फेकायचं नाही. गच्चीवरून खाली पडलं, टोकदार दगडावर जोरात आपटलं, किंवा रोजच पडतंय, तर मात्र मन खात राहण्यापेक्षा बदललेलं बरं.

याउलट एक गोष्ट आपण सगळे रोज करतो आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं: गाडी लावली की हेल्मेट आरशावर अडकवायचं. आरशाचं टोक आत थर्माकोलमध्ये रुततं. रोज थोडं थोडं, त्याच जागी. वर्षभराने गादी काढून बघा, तिथे सुपारीएवढा खळगा सापडेल. हेल्मेट हुकला पट्ट्याने लावा, नाहीतर सरळ हातात घेऊन जा.

आणि पेट्रोल. मघाच्याच थर्माकोलच्या तुकड्यावर पेट्रोलचे चार थेंब टाकले तर तो डोळ्यांदेखत विरघळून चिकट गोळा होतो. (गॅसपासून लांब, अंगणात. आणि मुलाला करू द्या, त्याला यात मजा येईल.) रॉकेल, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रव, ही सगळी त्याच पंगतीतली. म्हणून मुलाला सांगा, पॉलिश मारण्याचा बेत रद्द. कोपऱ्यावरच्या पेंटरकडचा स्प्रे आणि थिनर कवचालाही पोखरतो. रंग बसल्यावर ओरखडा झाकला जाईल, खालची पोकळी मात्र तशीच राहील आणि पुढे ती कुणाला कळणारही नाही. हेल्मेट धुवायला कोमट पाणी, अंगाचा साबण आणि मऊ फडकं पुरतं. मे महिन्यात उन्हात तापलेल्या डिकीत, त्यातही पेट्रोलच्या फडक्याशेजारी ते दिवसभर कोंडून ठेवू नका.

आता नवं घ्यायचं ते कसं. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ माझ्या मते ओरखड्याची नाहीच. "हेल्मेट तिरकं होऊन डोळ्यावर आलं होतं" ही आहे. नीट मापाचं, पट्टा आवळलेलं हेल्मेट आपटल्यावर जागचं हलत नाही. तुमच्या भावाने पुण्याहून आणलं ते प्रेमाने आणलं, पण भाच्याचं डोकं मोजून आणलं नसणार. अंदाजाने "लार्ज" उचललं असेल. नाहीतर मुलगा पट्टा सैल ठेवत असेल, एका झटक्यात काढता-घालता यावं म्हणून. दोन्हीही असेल. अशा सैल हेल्मेटमध्ये पुढच्या वेळी ते डोक्यावरून निघून आधी रस्त्यावर जातं आणि डोकं त्याच्या मागून.

म्हणून हेल्मेट भेट द्यायचं नसतं, माणसाला बरोबर घेऊन जायचं असतं. शिंप्याची टेप भुवयांच्या वर दोन बोटांवरून आणि मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा. जे माप येईल ते कंपनीच्या तक्त्यात बघा, कारण एका कंपनीचं "मीडियम" ते दुसऱ्या कंपनीचं "लार्ज" असतं. घालून बघताना गाल दाबले गेले पाहिजेत, बोलताना गालाची आतली बाजू दातांखाली येते की काय असं वाटलं पाहिजे. महिनाभरात गाद्या थोड्या बसतात. दुकानातच सैल वाटलं तर ते पुढे आणखी सैल होणार. पट्टा आवळा, हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जातील इतका. मग मुलाला मान खाली घालायला सांगा आणि मागून हेल्मेटची खालची कड धरून पुढे ढकला. ते निघून हातात आलं तर ते माप त्याचं नाही. दुकानदार "भिया, थोडं चालतं" म्हणेल, त्याचं ऐकू नका. हेल्मेट चढवून पाच-दहा मिनिटं दुकानात हिंडू द्या. कपाळावर एकाच जागी टोचत असेल तर डोक्याचा आकार त्या हेल्मेटशी जुळत नाही, दुसऱ्या कंपनीचं बघा.

आयएसआयची खूण बघायची हे तुम्हाला ठाऊक असेलच. १ जून २०२१ पासून दुचाकीची हेल्मेटं आयएस ४१५१ या मानकाप्रमाणे प्रमाणित असल्याशिवाय बनवता किंवा विकता येत नाहीत. तरी रिंग रोडच्या कडेला चादरीवर मांडलेल्या अडीचशे-तीनशे रुपयांच्या वाटीसारख्या हेल्मेटांवरही ती खूण असते, कारण स्टिकर छापायला काय लागतं? खऱ्या खुणेवर आयएस क्रमांक आणि खाली सीएम/एल असं लिहून परवान्याचा आकडा असतो. तो आकडा भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का ते दिसतं. नाव जुळलं नाही तर ठेवा परत. शिवाय अंगठ्याने आतून दाबून बघा. बऱ्याच वाट्यांमध्ये थर्माकोलचा थर नसतोच, नुसता फोम आणि कापड. इंदूरमध्ये २०२५च्या ऑगस्टपासून प्रशासनाने हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही असं केलं, तेव्हा अशा वाट्यांचा खप धडाक्यात झाला. दुधाच्या कॅनचं झाकण डोक्यावर ठेवून पंपावर गेलेल्या पठ्ठ्याचा व्हिडिओही आपण सगळ्यांनी बघितला. संरक्षणाच्या हिशोबाने त्या वाटीत आणि त्या झाकणात मला फारसा फरक दिसत नाही.

पैशाचं म्हणाल तर चार हजारच घालायला हवेत असं मुळीच नाही. प्रमाणित, पूर्ण तोंड झाकणारं, नीट मापाचं हेल्मेट हजार-दीड हजारात मिळतं. वरचे पैसे हलकं वजन, हवा खेळणं, चांगली काच आणि आवाज कमी येणं यांचे असतात. रोज सुपर कॉरिडॉरपर्यंत जाणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, जमत असेल तर जरूर द्या. यजमानांना आणि तुम्हाला हजार-दीड हजारवालं पुरे. फक्त अर्धं, नुसत्या टाळूवर बसणारं घेऊ नका. पडताना हनुवटी आणि जबडा पुढे येतो. आतल्या लेबलवर बनवल्याचा महिना-वर्ष असतं, तेही बघून घ्या. पाच वर्षं झाली की न पडलेलं हेल्मेटही बदलावं, असं अमेरिकेतली स्नेल ही हेल्मेटं तपासणारी संस्था सांगते. घाम, केसांचं तेल आणि ऊन यांचा परिणाम बघता आपल्याकडे ते रास्त आहे.

घरात कुणी सायकलवाले असतील तर त्यांनाही हेच लागू. सायकलचं हेल्मेट तर बहुतेक उघडा थर्माकोलच असतो, वर कागदासारखं कवच. तिथे एकदा डोकं आपटलं की संपलंच.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांचा हेतू चांगला आहे आणि आपल्या घरांतली रीतही तीच आहे. थोरल्याची पुस्तकं धाकट्याला, जुना स्वेटर कामवालीच्या मुलाला. स्वेटर विरला तर अंगावर दिसतो, घेणाऱ्याला कळतं आपण काय घेतोय. हेल्मेटचं तसं नाही. दूधवाल्याचा मुलगा ते चकचकीत हेल्मेट घालून पहाटे अंधारात, दोन्ही बाजूंना कॅन लावलेल्या गाडीवरून जाईल आणि आपलं डोकं सुरक्षित आहे अशा भरवशावर जाईल. बोडक्या डोक्याच्या माणसाला निदान आपलं डोकं उघडं आहे हे माहीत असतं. तुमच्या मुलाच्या डोक्याला जे चालणार नाही असं तुम्ही ठरवलंत, ते त्याच्या डोक्याला चालेल असं कुठल्या हिशोबाने म्हणायचं?

आणि ते नुसतं कचरागाडीतही टाकू नका. आपल्या शहरात कचऱ्यातून चांगली दिसणारी वस्तू वेचली जाते, पुसली जाते आणि परत विकायला येते. मोठी कात्री घेऊन हनुवटीचा पट्टा दोन्ही बाजूंनी मुळापासून कापा. आतल्या गाद्या काढा. थर्माकोलवर हातोडीचे चार घाव घाला आणि कवचावर जाड मार्करने "अपघातात आपटलेलं, वापरू नये" असं हिंदीत लिहा. मग सुक्या कचऱ्यात द्या. मुलाला आठवण म्हणून ठेवायचं असेल तर ठेवू द्या, पण पट्टा कापूनच. नाहीतर एखाद्या दिवशी पाहुणा आला, "अरे, एक जादाचं आहे ना," म्हणून तेच बाहेर निघेल.

दूधवाल्याच्या मुलाला हेल्मेट द्यायची कल्पना मात्र सोडू नका. त्यालाही दुकानात घेऊन जा, डोकं मोजा आणि हजाराचं नवं, प्रमाणित हेल्मेट घेऊन द्या. पैसे सासूबाईंकडून घ्या, कल्पना त्यांची आहे.